माझ्या तळहाताचं तेल

गुंड्याला कुणीही तेल लावलं नव्हतं. तेल माझ्या हाताला होतं, आणि हे मला तिथंच, जमिनीवर पडल्या पडल्या कळलं होतं. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना स्वतःची बाजू सावरायचा मोह होणार नाही.

आमचं गाव कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातलं. जत्रेत पालखीच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं गुंडा उचलतात. गुंडा म्हणजे काळ्या दगडाचा गोळा. कित्येक पिढ्यांचे हात लागून इतका गुळगुळीत झालेला की धरायला कुठं काही सापडत नाही. तो आधी मांडीवर घ्यायचा, मग छातीशी, मग खांद्यावर, आणि खांद्यावरून पाठीमागं टाकायचा. निंबर्ग्याचे, मादन हिप्परग्याचे गडी येतात. हलगी कडाडते, कानडीत आणि मराठीत एकदमच आरोळ्या उठतात, बाया देवळाच्या गच्चीवरून बघतात. पन्नाशीला टेकलो तरी नुसतं आठवलं की अजून माझ्या पोटऱ्यांत वारं भरतं!

उचलण्याआधी गुंड्याला अंघोळ घालायची, फडक्यानं पुसायचं आणि राखेनं चोळून कोरडा करायचा, हा मान तालमीच्या वस्तादांच्या घराचा. त्यांच्या वडिलांकडं होता, आजोबांकडं होता. गावात त्यांच्या घराला दुसरं काही मोठेपण नाही. हेच एक.

माझं खताचं आणि बियाण्यांचं दुकान. पोती उचलणारे दुसरे, मी गल्ल्यावर बसून चहा पिणारा. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, अंग हलवा. म्हणून आळंदच्या जिममध्ये जायला लागलो आणि पार वेडा झालो. जमिनीवर ठेवलेला वजनाचा रॉड दोन्ही हातांनी धरून ताठ उभं राहायचं, एवढाच तो व्यायाम. डेडलिफ्ट म्हणतात. पण पहिल्यांदा रॉड जमिनीपासून सुटला तेव्हा मला वाटलं, अरे, हे आपल्यात होतं कुठं इतकी वर्षं? दर आठवड्याला थोडं वजन वाढायचं आणि मी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचो. युरिया घ्यायला आलेला माणूस माझा दंड दाबून जायचा. त्याच भरात एक दिवस बोलून बसलो, "यंदा जत्रेत गुंडा मी उचलणार."

"पडला तर अंगावर नका घेऊ, पायावर घ्या," बायको म्हणाली. "पाय बसवता येतोय."

जत्रा तोंडावर आली असताना जिममध्येच घोटाळा झाला. घाईत रॉड ओढला, पाठ वाकली, आणि कमरेच्या उजव्या बाजूला कुणीतरी सुतळी ताणून तोडावी तसं झालं. शिकवणारा पोरगा धावत आला. "काका, रॉड खाली ठेवा. आता पंधरवडा तरी वजन न्हाई." मी हो म्हणालो. घरी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गुंडा उचलता आला नसता, आणि गुंडा मी सगळ्या गावाला सांगून बसलो होतो. बसता-उठता कळ यायची. मी हसून उठायचो.

जत्रेच्या सकाळी न्हाणीघराचं दार लावून एरंडेल कोमट केलं आणि माझ्याच हातानं कमरेला चोळलं. टॉवेलला हात पुसले. एरंडेल किती चिकट असतं ते काय मला ठाऊक नव्हतं? पण देवळाकडून हलगी ऐकू यायला लागली होती, आणि मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

वस्तादांनी गुंडा माझ्यापुढं मोकळा केला, राखेचे हात झटकले आणि म्हणाले, "उचल रं, सावकार."

मी वाकलो. गुंडा मांडीवर आला! लोकांचा असा गलका उठला की माझ्या अंगावर काटा आला. छातीशी घ्यायला गेलो आणि डावा हात सुटला. गुंडा एका अंगाला कलला, मी वेड्यासारखा त्याच्यामागं वळलो, आणि कमरेत जे झालं त्याला माझ्याकडं शब्द नाही. गुंडा बाजूला पडला, मी त्याच्या शेजारी.

पडल्या जागी नाकाला एरंडेलाचा वास आला. माझ्याच तळहाताचा. आणि तोंडातून निघालं, "तेल लावलंय! गुंड्याला तेल लावलंय!"

माझा मोठा भाऊ, अण्णा, जत्रेच्या पंचांत आहे. त्यानं खाली बसून गुंड्यावरून बोट फिरवलं, ते बोट वर धरलं आणि सगळ्यांना दाखवलं. तेल होतंच. माझं तेल. माझ्यानंतर वस्तादांच्या तालमीतल्या पोराचा नंबर होता, त्याच्याआधी गुंडा परत पुसला जाणार होता, म्हणजे कारणही लोकांना आयतं सापडलं. वस्ताद म्हणाले, "मी कोरडा करून दिलाय." दोनदा म्हणाले. मग कुणीतरी शिट्टी मारली. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि गर्दीतून वाट काढत ते घरी गेले. मला बाजेवर घालून नेत होते, म्हणून मला त्यांची पाठ शेवटपर्यंत दिसली.

घरी शेजारच्या अक्कांना बोलावलं. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या. उसण भरली की अशा माणसाचा पाय कमरेला लावून घ्यायचा, ही आमच्याकडची रीत.

"पालथा हो," अक्का म्हणाल्या. "ल्हानपणी माझ्या पेरूला दगडं मारायचास. आज समदं वसूल करते."

मी बोंब मारली.

"अजून पाय लागला बी न्हाई ओ!" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजव्या पायात, पार करंगळीपर्यंत मुंग्या धावायला लागल्या. तेव्हा बायकोनं अक्कांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मला गाडीत घालून गुलबर्ग्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय उचलून बघितला, एमआरआय बघितला. मणक्यांमधली गादी सरकून नसेला टेकली होती. "ऑपरेशन लागणार नाही असं दिसतंय," ते म्हणाले. "पण लघवी अडली, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं, किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. त्याच पावली या." मी विचारलं, किती महिने झोपून राहू? ते हसले. "झोपून कुणी सांगितलं? दोन-तीन दिवस बेतानं. मग थोडं थोडं चाला."

आणि मला खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडमकडं धाडलं. माझ्या पोरीच्या वयाची मुलगी. माझ्याशी कानडीत बोलायची, मला अंकल म्हणायची, आणि माझ्या प्रत्येक फुशारकीला भुवई वर करायची. तिनं पहिलंच विचारलं, "आधी कधी दुखली होती का कमर?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

पुढचे महिने मी जन्मात विसरणार नाही. लाज होती, ती रोज सकाळी माझ्याआधी उठून बसायची. पण आनंदही होता, आणि तो कुणापुढं लपवता येत नव्हता! अंथरुणातून आधी कुशीवर वळून, मग हाताचा रेटा देऊन उठायला शिकलो आणि कळ आली नाही, त्या दिवशी मी बायकोला हाका मारून परत आडवा झालो आणि परत उठून दाखवलं. मोजे स्वतःच्या हातानं घातले तेव्हा दुकानात पेढे नेले. गिऱ्हाइकांनी विचारलं, कशाचे? मी पाय पुढं केला.

मॅडमनं पाठीला झाडूचा दांडा लावायला सांगितला. एक टोक डोक्याला, मधला भाग पाठीला, खालचं टोक माकडहाडाला. तिन्ही जागी दांडा टेकलेला ठेवून वाकायचं. म्हणजे कमरेतून नाही, खुब्यातून, ढुंगण मागं सारून. पहिल्या दिवशी जमेना, आणि ज्या क्षणी जमलं त्या क्षणी मी ओरडलोच. उभा जन्म मी वाकत आलो आणि वाकायचं कसं ते मला ठाऊकच नव्हतं! त्यानंतर आठवडाभर मी येईल त्याला दांडा लावून वाकायला लावत होतो. बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला होता, त्यालाही सोडलं नाही.

चालणं रोज वाढत गेलं. आधी अंगणात, मग पारापर्यंत, मग ओढ्यापर्यंत. तुरीची शेतं पिवळ्या फुलांनी भरली होती आणि मी त्यांच्या कडेनं हात झुलवत जात होतो. फक्त एका गल्लीत मी कधी वळलो नाही. ओढ्याची जवळची वाट वस्तादांच्या दारावरून जाते. मी लांबून जायचो आणि घरी येऊन सांगायचो, आज जास्त चाललो.

पण दर थोड्या दिवसांनी दुखणं मागं फिरायचं. मॅडम व्यायाम वाढवायची, आणि दोन दिवसांत मी परत वाकडा. ती गोंधळली. "अंकल, पहिल्यांदाच दुखावलेली कमर एवढा त्रास देत नाही सहसा. तुम्ही पडलात त्याचा व्हिडिओ आहे का?"

व्हिडिओ होता, गावातल्या प्रत्येक फोनमध्ये होता. बायको शेजारी बसली होती, तिनंच तो काढून दिला. मॅडमनं तो पुढं-मागं करून बघितला आणि एका जागी थांबवला.

"ही बघा पाठ. कशी गोल झालीय. पण त्याच्याही आधी डावा हात सुटलाय. हात का सुटला?"

इतके दिवस तिच्याकडून शिकून मला असल्या प्रश्नांची गोडीच लागली होती. वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा मी पुढं सरकलो आणि बोललो, "तेल! सकाळी कमरेला एरंडेल चोळलं होतं ना, ते हाताला राहिलं असणार!"

मॅडम म्हणाली, "सकाळी? म्हणजे कमर आधीच दुखत होती?"

बायकोनं फोन बंद करून पर्समध्ये ठेवला.

मग मला सगळं सांगावं लागलं. जिम, घाई, सुतळी तुटल्यासारखी कळ. मॅडम रागावली. "अंकल, मी चुकीच्या माहितीवर तुमचे व्यायाम लावले. तुमची नस अजून डिवचलेली असताना मी वजन वाढवत गेले. पाय गेला असता म्हणजे?" तिनं सगळं खालून परत सुरू केलं. हलकं, हळू, आणि रोज दुखणं किती ते खरं सांगायच्या बोलीवर.

परतीच्या वाटेवर आळंद येईपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं काय वाईट केलतं ओ तुमचं?"

"काहीच न्हाई."

"मग कामून बोलला न्हाईत? अण्णांनी बोट वर केलतं तवा तुमाला वाचा न्हवती? पडल्यावर ओरडायला तर हुती."

"लाज वाटली गं. एवढं सगळ्यांना सांगून…"

"तुमची लाज त्यांच्या अंगावर घातलात व्हय?" ती खिडकीकडनं माझ्याकडं वळली. "जत्रेच्या आधी पंच बसणार हायत. मान दुसऱ्या घराला द्यायलेत. एकदा दिला की परत येत न्हाई."

"कमर बरी होऊ दे. मग जातोच मी त्यांच्या घरी."

"घर गावातच हाय. आणि चालायला डाक्टरनंच सांगितलंय."

तरी मी गेलो नाही. हे लिहायला सर्वांत जड जातंय. बरं होण्याचा आनंद एवढा मोठा होता की त्याच्याआड लपायला मला जागा मिळाली. खरी माहिती हाती आल्यावर मॅडमचे व्यायाम लागू पडायला लागले. मुंग्या करंगळीतून पोटरीपर्यंत मागं आल्या, पोटरीतून मांडीपर्यंत. मॅडम म्हणायची, दुखणं पायातून वर कमरेकडं सरकतंय, ही चांगली खूण! मी रोज बायकोला खबर द्यायचो, आज गुडघ्याच्या वर आलं. ती म्हणायची, "बरं." आणि भाकरी थापायची.

शेवटी मॅडमनं मला परत जिममध्ये जायला परवानगी दिली. नुसता रॉड, बाजूला एकही चकती नाही, तोही जमिनीवरून नाही, उंच ठोकळ्यांवरून. शिकवणारा पोरगा शेजारी उभा. मी ढुंगण मागं सारलं, श्वास पोटात भरला, पाठ ताठ ठेवली आणि उभा राहिलो. काहीच झालं नाही! कळ नाही, मुंगी नाही. हातातलं लोखंड गार आणि खरं. पोरगा म्हणाला, "काका, रडायलात कामून?" मी रॉड खाली ठेवला आणि त्याला मिठी मारली.

घरी येऊन नाचतच सांगितलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, खरंच खूश झाली, माझ्या पाठीवरून हातही फिरवला. मग म्हणाली, "आता कमरेचा बहाणा बी संपला."

चप्पल काढली नव्हती. तसाच निघालो. खोटं कशाला सांगू, मनात भीतीइतकाच हुरूपही होता. वस्ताद अंगणात बाजेवर बसून शेळीला पाला घालत होते.

"चालतंय वाटतं आता," ते म्हणाले.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. न्हाणीघर, एरंडेल, टॉवेल, वास. त्यांच्या हातातला पाला तसाच राहिला, शेळीच ओढून घेत होती. ते बोलले, तेव्हा आवाज चढलेला होता.

"मला वाटायलंय, मीच चुकलो. राख कमी पडली का? फडक्याला तेल हुतं का? डोकं फुटायची पाळी आली माझी. सुनेला नको नको ते बोललो मी. फडकं तू दिलतीस, धुतलं न्हाईस, तुझ्यामुळं घराचं नाक गेलं. ती माहेरी जाऊन राहिली दोन महिने. आणि तू ह्या गावातच हुतास. हात हलवत फिरायलास, मला गच्चीवरनं दिसायचास."

आत भांडी घासल्याचा आवाज चालू होता. तो थांबला.

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय वर घेतले.

"हितं नको. तू ओरडलास कुटं?"

"देवळापुढं."

"मग? माझ्या अंगणात बोलून माझ्या शेळीला कळलं. आणि कानडीत बी सांग. निंबर्ग्याची माणसं हुती."

त्याच संध्याकाळी अण्णाकडं गेलो. पंच बसायच्या आत त्याला कळायला हवं होतं. त्यानं ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "वर्ष झालं त्याला. आता कामून उकरायलास? बोट मी दाखवलंय. माझं तोंड काय ऱ्हाईल?"

"अण्णा, माझ्यावर विश्वास ठेवून दाखवलंत. चूक माझी, असंच सांगतो."

"न्हाई सांगितलंस तर?"

"तर मान जातोय त्यांचा."

अण्णा उठून आत गेला. जेवायला थांब म्हणाला नाही. पण पंचांच्या बैठकीत मानाचा विषय निघाला, तेव्हा म्हणाला, "ते जत्रेत ठरवू," आणि माझ्याकडं बघितलंही नाही.

जत्रेच्या दिवशी मी गुंडा उचलणार नव्हतो. मॅडमनं बजावलं होतं आणि मलाही हौस उरली नव्हती. तरी सकाळपासून मी असा फिरत होतो, जसं काही माझंच नाव पहिलं आहे. हलगी वाजायला लागली. गुंडा देवळापुढं आणून ठेवला होता, धूळ बसलेला, आणि त्याला हात कुणी लावायचा म्हणून सगळे एकमेकांकडं बघत होते. वस्ताद आले होते. मागं, पिंपळाखाली, गर्दीच्या शेवटी उभे. गच्चीवर बायांत माझी बायको होती, तिच्या शेजारी वस्तादांची सून. अण्णानं माईक माझ्या हातात दिला, जोरात दिला, आणि हलगीवाल्याला थांबायची खूण केली.

आधी कानडीत बोललो. वाटलं, तिकडून जीभ जरा सैल होईल. झाली नाही, अडखळतच बोललो. निंबर्ग्याच्या माणसांत कुजबुज झाली, कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग मराठीत बोललो. पिंपळाकडं बघून बोललो, आणि शेवटचं गच्चीकडं बघून.

"गेल्या जत्रेला मी हितं पडलो तेव्हा ओरडलो की गुंड्याला तेल लावलंय. ते खोटं होतं. कमर माझी आधीच दुखावली होती. ते मी लपवलं, सकाळी तिला तेल चोळलं आणि तेच हात घेऊन हितं आलो. गुंड्याला लागलं ते माझ्या हाताचं तेल. हे मला तेव्हाच कळलं होतं. अण्णांनी माझ्या शब्दावर बोट दाखवलं, त्यांची चूक न्हाई. वस्तादांनी गुंडा कोरडा करून दिला होता. वस्ताद, मी तुमच्यावर आळ घेतला आणि वर्षभर गप्प बसलो. मला माफ करा. आणि वहिनी, तुमचं फडकं स्वच्छ होतं. माझ्यामुळं तुम्हाला घरात बोलणी खावी लागली. तुमचीही मी माफी मागतो."